बाजारात विकलेला पोर, शहर वसवणारा वजीर

रमजानात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मगरीबच्या सुमारास एक दृश्य नेहमीचे असते. यंत्रमागाच्या शेडमधला रोजेदार कामगार आपला साचा शेजारच्या पद्मशाली सहकाऱ्याच्या हवाली करतो. हात धुतो, खजूर तोंडात टाकतो, घोटभर पाणी पितो, नमाज अदा करून पुन्हा साच्यावर येतो. शेडच्या दुसऱ्या टोकाला टॉवेलच्या गाठी बांधून तयार असतात. त्यांतल्या काही मुंबईच्या बंदरातून समुद्रापलीकडे, अरबांच्या मुलखात जातात. आपल्या हातचे कापड कोणाच्या अंगाला लागणार, हे विणणाऱ्याला ठाऊक नसते.

साडेचारशे वर्षांपूर्वीही हिंदुस्थानचे कापड याच समुद्रावरून जात होते. गुजरात आणि दख्खनचे सुती कापड तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर उतरे आणि तिथून हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात पोहोचे. तिथल्या दरबारी मंडळींना या कापडाची मोठी हौस होती. त्याची किंमत चुकवायला त्यांच्याकडे सोने होते, हस्तिदंत होता आणि माणसे होती. पकडलेली, लुटलेली, कर्जापायी किंवा दुष्काळापायी विकलेली माणसे. त्या बाजारात विकल्या गेलेल्या एका मुलाने पुढे दख्खनचा इतिहास बदलला. त्याचे नाव मलिक अंबर. १४ मे १६२६ रोजी तो वारला, तेव्हा शाबानचा महिना अर्धा सरला होता आणि रमजान जेमतेम दोन आठवड्यांवर होता. २०२६ मध्ये त्या घटनेला ४०० वर्षे पूर्ण होतात.

चापूचा अंबर झाला

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियाच्या दक्षिण भागात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. तो घरापासून कसा तुटला याबद्दल जुन्या नोंदींत एकवाक्यता नाही. काहींत तर आईबापांनीच त्याला विकल्याचे म्हटले आहे. पुढे येमेनमधल्या मोखा बंदरात तो विकला गेला. एका डच व्यापाऱ्याच्या नोंदीनुसार त्याची किंमत सुमारे ८० गिल्डर होती. तिथून तो बगदादला पोहोचला आणि मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी आला.

या मालकाने मुलाची बुद्धी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभार शिकवला. त्याच घरात त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याचे नाव अंबर झाले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची तेव्हा रीतच होती. कुणी याकूत म्हणजे माणिक, कुणी मरजान म्हणजे पोवळे, कुणी काफूर म्हणजे कापूर. नावे मोठी सुंदर, पण सगळी बाजारातल्या मौल्यवान मालाची.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. विशेष म्हणजे चंगीजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनच्या सुलतानांना परक्या मुलखातून आलेले असे शिपाई हवे असत. इथे त्यांचे भाऊबंद नसत, वतन नसे. त्यांची निष्ठा सगळी धन्यापाशी. अमेरिकेत उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबवलेल्या गुलामांहून यांचे जिणे वेगळे होते. यांच्या हाती तलवार असे आणि कर्तृत्व असेल तर दौलतीत वर चढायची वाट मोकळी असे. म्हणून ती गुलामी नव्हती असे मात्र नाही. विकत घेतलेल्या मुलाला परत घरी जायची वाट कुणी ठेवलेली नव्हती.

चंगीजखानाच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. पण हे दिवस फार टिकले नाहीत. १५७४-७५ च्या सुमारास दरबारी कारस्थानात चंगीजखान मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. या स्त्रीचे नाव इतिहासात ठळकपणे कुठे येत नाही. पण अंबरच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी घटना कुठली लढाई नव्हे, ही होती.

आधी हजरत बिलाल

अंबरच्या सुटकेकडे रमजानच्या महिन्यात पाहताना हजरत बिलाल आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही हबशी वंशाचे आणि मक्केतले गुलाम. इस्लाम स्वीकारला म्हणून धन्याने त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला. हजरत अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले आणि पुढे पैगंबरसाहेबांनी अजान देण्याचा मान त्यांना दिला. दिवसातून पाच वेळा जी हाक मशिदीतून येते, ती पहिल्यांदा एका मुक्त झालेल्या हबशी गुलामाच्या गळ्यातून आली.

जकात ज्या आठ कामांसाठी खर्च करायची, त्यांत माणसाची मान गुलामीतून सोडवणे हे एक काम कुरआनने सांगितले आहे. रमजानचा रोजा पती-पत्नीच्या संबंधाने मोडला, तर हदीसमध्ये सांगितलेल्या प्रायश्चित्तांत पहिले प्रायश्चित्त गुलाम मुक्त करण्याचे आहे. ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही शक्य नसेल तर ६० गरिबांना जेवण. म्हणजे गुलाम सोडवणे ही या धर्मात पहिल्या दिवसापासून इबादत होती.

तरीही हजरत बिलालांनंतर हजार वर्षांनी मोखाच्या बाजारात, मुसलमान व्यापाऱ्यांच्या देखत आणि त्यांच्याच पैशाने, चापू विकला गेला. शिकवण एकीकडे राहिली आणि बाजार दुसरीकडे चालू राहिला. हा दोष एका धर्माचा नव्हता. इथिओपियाच्या ख्रिस्ती राज्यातून माणसे बाहेर जात होती, अरब आणि गुजराती व्यापारी त्यांची ने-आण करत होते, पोर्तुगीजही त्यात होते आणि दख्खनचे सुलतान गिऱ्हाईक होते. इतकेच काय, पुढे सत्ता हाती आल्यावर अंबरच्या खास पथकातही विकत घेतलेले हबशी शिपाई होते. त्याच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगताना हा हिशेब झाकून ठेवता येत नाही.

दीडशे घोडेस्वार

मुक्त झालेल्या अंबरजवळ ना घर होते ना जहागीर. तो विजापूरला गेला आणि सुमारे वीस वर्षे आदिलशाहीच्या चाकरीत राहिला. मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली राहिला.

तो काळ निजामशाहीच्या पडझडीचा होता. अकबराच्या फौजा अहमदनगरच्या दारात आल्या होत्या. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६०० मध्ये तिच्याच लोकांच्या हातून तिचा खून झाला आणि अहमदनगर पडले. सोलापूरकरांना चांदबिबी परकी नाही. निजामशाहीची ही लेक आदिलशाहीत दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला होता आणि त्यावरून पुढे दोन्ही शाह्यांत वर्षानुवर्षे भांडणे झाली.

राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. बहुतेकांच्या लेखी निजामशाही संपली होती. अंबरजवळ तेव्हा होते अवघे दीडशे घोडेस्वार. त्यांच्या जोरावर त्याने सुरुवात केली. मोगलांची रसद लुटली, विखुरलेले शिपाई गोळा केले, थोड्याच काळात सात हजारांची फौज उभी केली. बार्शीच्या पुढे परांड्याच्या किल्ल्यात त्याने निजामशाही घराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. परांड्याच्या तटावर आज फिरायला जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की बुडालेले एक राज्य इथून पुन्हा उभे राहिले.

वाट सोपी नव्हती. नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला. त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून वाचला. घरचा प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्याशी त्याचे वैर काही वर्षे चालले. अखेर राजूचा पाडाव करून त्याने सगळी सूत्रे हाती घेतली. राजधानी जुन्नरला नेली, १६१० मध्ये अहमदनगर परत जिंकले आणि दौलताबादेस आपले बस्तान बसवले. त्या सुमारास आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्या फौजेचा अंदाज दिला आहे : सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दखनी.

मराठ्यांच्या खांद्याला खांदा

त्या चाळीस हजारांत मराठे मोठ्या संख्येने होते. मोगलांची फौज अवजड. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे घेऊन संथ चालणारी. अंबरने तिच्याशी मैदानात गाठ घालायचे टाळले. हलके घोडदळ, डोंगराची वाट, रात्रीचा छापा, रसदेची नाकेबंदी, चाऱ्याची जाळपोळ. शत्रू मागे लागला की पांगायचे, तो थकला की तुटून पडायचे. या मुलखाचे खडे आणि ओढे ज्यांना पाठ होते त्या मराठा स्वारांशिवाय हे जमणारे नव्हते. हबशी सेनापती आणि मराठा बारगीर यांनी ही रीत एकत्र कसाला लावली.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला तिची मोठी परीक्षा झाली. मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊन अंबरवर चालून आल्या. संख्येने त्या कितीतरी जास्त होत्या. अंबरने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला, रात्रीचे छापे घालून त्यांची झोप आणि दाणावैरण दोन्ही तोडली आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. पुढे शिवाजी महाराजांच्या चरित्रावर कवींद्र परमानंदाने संस्कृतात शिवभारत रचले, त्यात या लढाईचे वर्णन आहे आणि अंबरच्या शौर्याची वाखाणणी आहे.

भातवडीनंतर अंबरने थेट विजापूरपर्यंत धडक मारली, इब्राहिम आदिलशहाने हौसेने वसवलेले नौरसपूर लुटले आणि सोलापूरचा किल्लाही घेतला. ज्या आदिलशाहीत त्याने उमेदीची वीस वर्षे चाकरी केली, तिच्याच मुलखावर तो आता चालून आला होता. नौरसपूरच्या लुटीत रयतेचेही हाल झाले असणार. अंबर काही संत नव्हता. त्याच्या दरबारात दारू पिणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या शिक्षेचे डच नोंदीतले वर्णन आज वाचवत नाही. मुर्तजा सुलतानाशी बिनसले तेव्हा त्याला अंबरनेच विष घालवले, असेही त्या काळी बोलले गेले. त्या भांडणाच्या मुळाशी जी हकिगत सांगितली जाते ती अशी, की सुलतानाच्या दुसऱ्या, इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले होते. वजिरी आली, फौज आली, जावई सुलतान झाला; तरी बाजारातली ती जुनी ओळख पाठ सोडत नव्हती.

बादशहाचा बाण

जहांगीर बादशहाला तर अंबरने झोप येऊ दिली नाही. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी कातडीच्या रंगावरून शिवी देऊनच केला आहे. दरबारी चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जहांगीराला अंबर कधी सापडला नाही. जे रणात जमले नाही ते कागदावर करून घेतले. ते चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

अंबर मेल्यावर मात्र मोगलांच्याच इतिहासकाराची लेखणी नरमली. मुतमदखान याने युद्धात, हुकूम चालवण्यात आणि कारभारात अंबरला जोड नव्हती, अशी कबुली दिली. हयातीत जो शिवीचा धनी होता, त्याला मेल्यावर शत्रूकडून हा दाखला मिळाला.

पाणी आणि धारा

लढाया जिंकणारे दख्खनने पुष्कळ पाहिले. अंबरचे नाव टिकले ते दोन कामांमुळे. पहिले काम जमिनीचे. सततच्या लढायांनी गावे ओस पडली होती. अंबरने जमिनीची प्रत पाहून आणि पाहणी करून सारा ठरवला, रयतेने काय द्यायचे ते आधीच पक्के केले, जमिनीवरचा मिरासदारांचा हक्क मानला आणि वसुली गावच्या पाटील-कुलकर्ण्यांमार्फत ठेवली. मधल्या इजारेदाराची मनमानी त्यामुळे आवरली. मलिकंबरी धारा हा शब्द महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात पुढे दोनशे वर्षे आणि त्याहून जास्त काळ येत राहिला. इंग्रज कलेक्टरांनाही तो शिकून घ्यावा लागला.

दुसरे काम पाण्याचे. १६१० मध्ये त्याने दौलताबादजवळच्या खडकी गावी नवे शहर वसवायला घेतले. १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला, मशिदी आणि महाल उभे केले. १६१६ मध्ये मोगलांनी ते शहर लुटून जाळले. अंबरने ते पुन्हा उभे केले. पण खडकीला नाव घेण्यासारखी नदी नव्हती. तेव्हा त्याने उत्तरेच्या डोंगरातले झरे हेरून जमिनीखालून नहर आणली. डोंगराच्या पायथ्याशी विहिरी, त्यांना आतून जोडणारा बोगदा आणि त्याला असा बेताचा उतार, की पाणी कुणी न ओढता आपोआप शहरात चालत यावे. हे काम होणार नाही असे म्हणणारे दरबारात होते. अंबरने ते करून दाखवले. नहर-ए-अंबरीचे पाणी पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या शहराने प्यायले.

ते शहर आधी खडकी, मग अंबरच्या मुलाच्या नावाने फतेहनगर, मग औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, राज्ये बदलली. ज्या नहरीतून पाणी येत होते तिने पिणाऱ्याला धर्म विचारला नाही. तहानलेल्याला पाणी देणे ही सर्वांत मोलाच्या दानांपैकी एक, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले आहे. रमजानात रस्त्यारस्त्यावर सरबताची सोय करण्यामागे तीच भावना असते.

अंबरनंतर निजामशाही फार काळ धड टिकली नाही. त्याचा मुलगा फतेहखान बापासारखा निघाला नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. अंबर खुलताबादेत, सूफी संतांच्या शेजारी, आपल्या हयातीतच बांधलेल्या दगडी कबरीत विसावला. त्याच्या बेगमेची, बीबी करीमा यांची कबरही तिथेच जवळ आहे.

अभ्यासाचा विषय

आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या माणसांचा इतिहास आणि संस्कृती हा आज अनेक देशांच्या विद्यापीठांत स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बरीच वर्षे त्याचा नकाशा अटलांटिक महासागरापुरता होता : पश्चिम आफ्रिका, जहाजे आणि अमेरिकेतले मळे. आपल्या बाजूच्या समुद्राकडे लक्ष उशिरा गेले. ते गेले तेव्हा अभ्यासकांना सर्वांत आधी भेटला तो मलिक अंबर. भारतात राधेश्याम यांनी १९६८ मध्ये आणि तामसकर यांनी १९७८ मध्ये त्याच्यावर ग्रंथ लिहिले होते. २००५ मध्ये अमेरिकेतले इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासात त्याला एक प्रकरण दिले आणि कापड व गुलाम यांच्या व्यापाराचा धागा उलगडून दाखवला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्राने भारतातल्या आफ्रिकी माणसांवर प्रदर्शन भरवले. २०१६ मध्ये ओमर अली यांचे अंबरचे चरित्र आले.

सोलापूरच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. परांडा बार्शीच्या पुढे आहे, सोलापूरचा किल्ला शहराच्या मधोमध आहे, भातवडी शेजारच्या जिल्ह्यात आहे. पण या अभ्यासात एकट्या अंबरवर थांबून चालणार नाही. त्याच्याबरोबर आणि त्याच्या आधी-नंतर हजारो हबशी या किनाऱ्यावर उतरले. त्यांतले फार थोडे वजीर झाले. बाकीचे शिपाई, खलाशी, दाया, पहारेकरी म्हणून जगले आणि नावाशिवाय गेले. त्यांचे वंशज सिद्दी म्हणून कोकणात, गुजरातेत आणि कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात आजही राहतात. शतकानुशतके इथले असूनही अनेकदा त्यांना कुठल्या देशाचे म्हणून विचारले जाते.

आज मोखाचा बाजार नाही. पण उचल देऊन माणूस बांधून घेणे, वीटभट्टीवर अख्खे कुटुंब अडकवून ठेवणे, परगावच्या मजुराचे कागद काढून घेणे हे प्रकार संपलेले नाहीत. जकातीतला मान सोडवण्याचा हिस्सा कर्जात बुडालेल्या आणि अडकलेल्या माणसाकडे वळवावा, असे सांगणारे आलिम आजही आहेत. चंगीजखानाच्या विधवेने एका माणसाला सोडले, तेव्हा पुढे तो एका शहराला पाणी पाजील हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने फक्त सोडले.

अक्कलकोट रोडवर रात्रपाळी सुरू होते तेव्हा तरावीह उरकून कामगार परत येतात. साचे चालू असतात, गाठी ट्रकमध्ये चढत असतात. या गाठींच्या मोबदल्यात आता पलीकडून कुणाचे मूल येत नाही. साडेचारशे वर्षांत माणसाने एवढे तरी साधले आहे. उरलेले साधायला रमजानासारखा महिना दरवर्षी येतो.